हिरोशिमा हाउसचं बारसं

माझा धंदा आवाजाचा आहे. स्वतःचा नाही, दुसऱ्यांचा. हेडमास्तर, तलाठी, एसटीचा कंडक्टर, आठवडे बाजारातला भाजीवाला, लग्नात रुसलेले मामा, सगळे माझ्या घशात भाड्यानं राहतात. पाचोऱ्याच्या शाळेत सरांची नक्कल करून छड्या खाल्ल्या, आता तीच नक्कल करून पोट भरतो. उन्हाळ्यात लग्नं, पावसाळ्यात दुकानांची उद्घाटनं, आणि थंडी पडली की शाळा. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याकडच्या शाळांना दोन रोग होतात, एक गॅदरिंग आणि दुसरा क्रीडा महोत्सव. दोन्हीवर औषध म्हणून मला बोलावतात.

ज्यांच्या शाळेत हाउस नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो. हाउस म्हणजे घर नाही. शाळेतल्या पोरांचे चार गट पाडायचे, प्रत्येकाला एक रंग, एक झेंडा, एक कॅप्टन द्यायचा. मग वर्षभर त्यांना एकमेकांविरुद्ध पळवायचं, गायला लावायचं, भांडू द्यायचं. पोरं जातीवरून, गल्लीवरून भांडत होती ती रंगावरून भांडायला लागतात. मला विचाराल तर सोय चांगली आहे.

माझं काम माइकवर. संचलन चाललं की प्रत्येक हाउसचं कौतुक करायचं, शर्यत लागली की आरडाओरडा करायचा, मधल्या वेळात नकला. गिऱ्हाइकं एकेक नमुना. जामनेरकडे एका संस्थाचालकांनी सांगितलं, "दर शर्यतीत माझं नाव आलं पाहिजे." मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तर पळत नाही." म्हणाले, "मग पळणाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं असं सांग." सांगितलं. काय करता.

हाउसची नावंही भारी असतात. तापी, गिरणा, पांझरा तर नेहमीची. किल्ले असतात, फुलं असतात. एका शाळेत ग्रह होते, तिथे शनी हाउसमध्ये कोणी जायलाच तयार नव्हतं. शनीची पोरं जिंकली तरी त्यांच्या आया तेल वाहून यायच्या.

पण मला सांगायचंय ते शिरपूरकडच्या एका शाळेचं. सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. अर्धी पोरं गावातल्या शेतकऱ्यांची, अर्धी वर डोंगरातल्या पाड्यांवरची. ती हॉस्टेलला राहतात. तिथल्या मुख्याध्यापक मॅडम धुळ्याच्या. तोवर हाउस नुसते लाल, निळा, पिवळा, हिरवा असे होते. मॅडमनी ठरवलं, नावं द्यायची, आणि कशीही नाहीत. जी गावं एकदा मोडून पडली आणि परत उभी राहिली, अशी चार गावं. भूज, लंडन, बर्लिन आणि हिरोशिमा. चौघा कॅप्टनना बसवून चारही गावांची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, "आता निवडा."

पहिली पाळी हिरव्याची होती. कॅप्टन रमिला, नववीतली, हॉस्टेलची पोरगी. सगळ्यांना वाटलं लंडन घेईल. घरी सांगायला बरं असतं ना, 'मी लंडनमध्ये आहे.' रमिलानं उभं राहून सांगितलं, "हिरोशिमा."

गेल्या हिवाळ्यात मी तिथे पोचलो तो क्रीडा महोत्सवाच्या आदल्या दिवशी. सराव चालला होता. मॅडमनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं नकलांबद्दल असेल, कोणाची करायची नाही वगैरे. पण त्या म्हणाल्या, "हिरोशिमाबद्दल बोलताना जरा शब्द सांभाळा."

"म्हणजे कसे, मॅडम?"

"तुम्ही शर्यतीत काय काय ओरडता ते आठवून बघा."

मी आठवलं. धुव्वा उडवला. राखरांगोळी केली. नेस्तनाबूत. भुईसपाट. बॉम्ब टाकला. आमच्या धंद्यातली ही रोजची भाजी-भाकरी आहे. कबड्डी असो की चमचा-लिंबू, कोणीतरी कोणाची तरी राख केल्याशिवाय आमचं वाक्य पुरं होत नाही. त्या गावाचं तर खरंच हे सगळं झालेलं. मी त्या संध्याकाळी एकटा बसून माझ्या पोतडीतले शब्द चाळले. हरणाऱ्याला मारल्याशिवाय बोलता येईल असे मूठभरच निघाले.

तिकडे मैदानावर हिरवी रांग चालत निघाली की बाकीच्या रांगांतून तोंडानं आवाज यायचे, "ढुम्म!" मग हसू. रमिला मान न वळवता चालायची. मागची बारकी पोरं मात्र दर वेळी दचकून पाय चुकवायची. त्यात मी यायच्या आधीच सरावाला हिरव्याचा एक पोरगा पडला होता, हात प्लॅस्टरमध्ये. दोघा-तिघांना ताप आला. ताप सगळ्याच हाउसमध्ये होता, पण नाव एकाचंच झालं. पालक आबांकडे गेले.

आबा म्हणजे संस्थेचे चेअरमन, लोटनआबा. कपाशीच्या पैशातून शाळा उभी केलेला माणूस. मनानं उदार, पण एकदा बोलले की झालं. बोलण्यात अहिराणी, 'आहे'चं 'शे'. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. मॅडम तिथेच उभ्या होत्या, चेहरा पडलेला.

"माइकवाले, उद्या त्या हिरव्या हाउसचं नाव बदलायचं शे. हिरोशिमा नको. अशुभ नाव. एवढी माणसं मेली, पोरांच्या छातीवर ते नाव लावून फिरवता का?"

"आबा, गाव मेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "आज तिथे लोक राहतात. शाळा आहेत."

"मॅडम, तुमचं शिकलेल्यांचं खरं शे. पालकांचंही खरं शे." मग माझ्याकडे वळून, "टोकियो कर. तेही जपानच. काही वाया जात नही."

मला हसू आलं, पण मॅडमकडे बघून गिळलं.

"आणि नुसतं बदललं असं सांगून चालणार नही," आबा म्हणाले. "पोरं जुनंच म्हणत बसतील. रीतसर बारसं करू. पाळणा मांडू, आत्या बोलावू, घुगऱ्या वाटू. मग नाव बसतं."

खान्देशात कशाचंही कार्य होतं. ट्रॅक्टर आला तर पूजा, बोअरला पाणी लागलं तर जेवणावळ. पण हाउसचं बारसं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला काय, मी घोषणाही बनवून टाकली, 'टोकियो टोकियो, दम असेल तर रोको!' आबांना आवडली.

मैदानावर वायर पसरत होतो तर रमिला आली. झेंड्याची काठी हातात होती.

"दादा, उद्या नाव तुम्ही सांगणार का?"

"हो."

"माइक तुमच्याच हातात असतो ना?"

मला कळलं ती काय विचारतेय. मी म्हटलं, "बेटा, माइक माझ्या हातात असतो. आवाज ज्यानं बोलावलं त्याचा."

ती थोडा वेळ काठीच्या टोकानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "आमचा पाडा जळाला होता. मी लहान होते. वारा होता, एकाला लागून एक सगळीच घरं गेली. बाजूच्या गावाचे म्हणाले, ती जागाच वाईट आहे, तिथे परत राहू नका, नाव पण घेऊ नका. बानं तिथेच परत घर बांधलं. मग बाकीच्यांनी पण बांधलं." तिनं काठी मातीत टेकवली. "इथे आले तेव्हा मुली मला जळक्या पाड्याची म्हणायच्या. मॅडमनी त्या गावाची गोष्ट सांगितली तेव्हा मला वाटलं, आपल्यासारखंच आहे. म्हणून घेतलं. आता आबा म्हणतात ते अशुभ आहे."

"आबा त्या जपानच्या गावाला म्हणतात गं. तुझ्या पाड्याला नाही."

"एकच झालं ना, दादा."

पोरीनं काठी उचलली आणि गेली. जाता जाता म्हणाली, "उद्या बा येणार आहे. त्याला मी सांगून ठेवलंय, माझ्या हाउसचं नाव काय आहे ते."

दुसऱ्या दिवशी संचलन झालं. मैदानाच्या मधोमध लाकडी पाळणा मांडलेला, झेंडूच्या माळा, आणि पाळण्यात घडी करून ठेवलेला हिरवा झेंडा. शिक्षिका नटूनथटून गोल उभ्या. आबांच्या मंडळी पुढे होत्या, त्यांना सगळे काकू म्हणतात. आता प्रश्न आला आत्याचा. बारशात बाळाचं नाव आत्या ठेवते. कानात सांगते, मग जगाला कळतं. शाळेचे बाप आबा, म्हणजे झेंड्याचेही बाप तेच, तर आत्या म्हणजे आबांची मोठी बहीण, अक्का. त्या कडेला एका खुर्चीत बसल्या होत्या. फिकट लुगडं, कपाळ मोकळं.

मी माइक तपासायला पाळण्याशी वाकलो होतो म्हणून मला ऐकू आलं. काकू हळूच आबांना म्हणाल्या, "अक्का? शुभ कामाले?"

हे घरचं कार्य नाही, शाळेचं आहे, अशा सुरात आबा तितक्याच हळू म्हणाले, "घरनं थोडंच शे. शायेनं शे."

मला ऐकू आलं म्हणजे अक्कांनाही आलं असणार. खुर्ची माझ्याइतक्याच अंतरावर होती. पण त्या उठल्या, पदर नीट केला आणि चालत आल्या. वयामुळे वाकलेल्या, पण पावलं पक्की.

मी माझं काम सुरू केलं. "मंडळी, आत्या आल्यात! पण अडचण अशी आहे की बाळाला कानच नाहीत!" पोरं हसली. अक्का नाही हसल्या. त्यांनी पाळण्यात बघितलं, मग माझ्याकडे.

"कान नही तं काय व्हयनं? याना कॅप्टन कोन शे? तिना कानमा सांगसू."

रमिला पुढे आली. अक्कांनी तिला समोर उभं केलं. आता मी मधे माइक धरून होतो, त्यामुळे पुढचं सगळं मैदानाला ऐकू गेलं.

"तुन्हं गाव कोनतं, माय?"

रमिलानं पाड्याचं नाव सांगितलं. मागून एक सर घाईघाईनं म्हणाले, "तोच अक्का, जळाला होता तो."

अक्कांनी सरांकडे बघितलंही नाही. पोरीला विचारलं, "आते तठे कोन ऱ्हास?"

"आम्हीच."

"तेच जागावर?"

"हो."

"आनि पाडानं नाव?"

"तेच आहे."

अक्कांनी पोरीच्या गालावर हात ठेवला, मग ओढून तिचा कान तोंडाशी घेतला. बारशात आत्या कानात नाव सांगते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधपा मारतात आणि कुर्रर्र करतात. शिक्षिकांना अक्कांना मारायचं धाडस होईना. शेवटी काकूंनीच दोन हलके धपके घातले. सगळ्या पोरांनी मिळून असा काही कुर्रर्र केला की झाडावरचे बगळे उडाले आणि अक्का काय म्हणाल्या ते माइकलाही ऐकू आलं नाही.

आता माझी पाळी. नाव मी सांगायचं ठरलं होतं, पण कान तिचे, म्हणून मी माइक रमिलाच्या तोंडाशी नेला. "सांगा कॅप्टन, आत्यांनी काय नाव ठेवलं?"

रमिलानं एकदा अक्कांकडे बघितलं. अक्कांनी मान हलवली.

"हिरोशिमा," रमिला म्हणाली.

आबा हसले. "अगं जुनं नही, नवं सांग. कानात सांगितलं ते."

"तेच सांगितलं."

आबा अक्कांकडे वळले. मोठ्या माणसांचं असं होतं, भर सभेत घरची बोली तोंडात येते. "अक्का, तुले सांगं व्हतं ना, टोकियो."

"सांगं व्हतं. ध्यानमा शे मन्हा."

"मंग?"

अक्कांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. मी माइक खाली घ्यायला पाहिजे होता. हाताला सुचलंच नाही.

"लोटन, तुन्हा पोरना बारसाले मन्हा मालक जाईसन थोडाच दिन व्हयेल व्हतात. तू सांगं, अक्का, तू मांघे बठ. नाव चुलत बहिननी ठेवं. मी चूलपुढे बठीसन कुर्रर्र आयकं. तोंडमातीन शबद काढा नही."

नवरा गेलेल्या बहिणीला चुलीपुढे बसवणाऱ्या आबांनी मान खाली घातली. काकूंनी डोक्यावरचा पदर उगाच पुढे ओढला.

"आज तूच बलावं माले, आत्या म्हनीसन. मी अशुभ व्हती तं बलावाले नको व्हतं. बलावं, तं आत्या जे ठेवी तेच नाव." मग पाळण्यातल्या झेंड्यावर हात ठेवून, जळालेल्या पाड्याच्या पोरीकडे बघत म्हणाल्या, "गाव जयनं म्हनीसन कोनी त्यानं नाव टाकी देस का? मानूस गया म्हनीसन बाईले टाकी देवानं का?"

हजारेक शाळांच्या कार्यक्रमांत मी बोललो असेन, पण इतकी गप्प पोरं मी कधी बघितली नाहीत. संचलनात 'ढुम्म' करणारी लंडनची रांगसुद्धा बुटांकडे बघत होती.

आबांनी वर बघितलं ते थेट माझ्याकडे. त्या बघण्याचा अर्थ मला कळत होता. मी माइकवाला. एखादा विनोद कर, अक्का विसरल्या म्हण, टोकियोची घोषणा दे, ढोल वाजव. आमचं कामच ते, घसरलेला कार्यक्रम उचलून परत रुळावर ठेवायचा. माझ्या घशात त्या वेळी कंडक्टर होता, तलाठी होता, खुद्द आबांचा आवाजही होता. हुबेहूब काढतो मी त्यांचा.

पण काल मीच पोरीला सांगितलं होतं, आवाज ज्यानं बोलावलं त्याचा. मी दोन पावलं गेलो आणि माइक आबांच्या तोंडापुढे धरला.

ते मोठे श्वास घेत होते, ते सगळ्या मैदानाला ऐकू येत होतं. एकदा बहिणीकडे बघितलं. तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं असं मला वाटलं, नक्की सांगता येणार नाही. घसा खाकरला. आम्ही सगळे वाट बघतोय आता काय म्हणतात.

"घुगऱ्या वाटा," आबा म्हणाले.

बस. नाव नाही घेतलं, चूक झाली म्हणाले नाहीत. पण बारशात घुगऱ्या कधी वाटतात ते आमच्याकडे बारक्या पोरालाही ठाऊक आहे. नाव ठेवून झाल्यावर. हिरव्या रांगेतून आधी एक टाळी आली, मग सगळी रांग, मग मॅडम, आणि मग सगळं मैदान. अक्का परत आपल्या खुर्चीकडे निघाल्या होत्या. काकूंनी जाऊन त्यांचा हात धरला आणि पाळण्याजवळच्या खुर्चीत आणून बसवलं. घुगऱ्यांची पहिली वाटी काकूंनी त्यांच्या हातात दिली.

नंतर शर्यती झाल्या. हिरोशिमा हाउस काही जिंकलं नाही. लोकांना असं सांगितलं की आवडत नाही, पण रिलेत त्यांची काठी हातातून सुटली आणि पोरं शेवटची आली. माझी बनवलेली टोकियोची घोषणा वाया गेली होती आणि धुव्वा-बिव्वा तर वापरायचं नव्हतं. मग मी काय केलं, पळणाऱ्या पोरांची नुसती नावं घेतली. अमुक वळणावर आहे, तमुक काठी घेतोय, सुटली, उचलली, परत निघाला. शेवटचं पोर रेषेवर येईपर्यंत मी त्याच्याबरोबर होतो. मला वाटलं होतं लोक कंटाळतील. लोक उभे राहून बघत होते. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी मी असंच करतो. काही संस्थाचालक म्हणतात, पूर्वीसारखी मजा नाही राहिली तुझ्यात. असेल. अक्कांची नक्कल करून दाखव असंही त्या शाळेतली पोरं म्हणतात. तेवढा एक आवाज मी घशात घेतला नाही.

दुपार कलली, मांडव मोकळा झाला, मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा रमिलाचा बा पोचला. डोंगरातून जीप वेळेवर भरली नाही म्हणून उशीर झालेला. धोतर, अंगात स्वेटर, खांद्याला पिशवी. बक्षिसं संपली, शर्यती संपल्या, त्यानं काहीच बघितलं नव्हतं. त्याला मधोमध तेवढा पाळणा दिसला. शिपाई तो न्यायचा विसरला होता.

रमिला धावत आली. हातात रुमालात बांधलेल्या घुगऱ्या होत्या, त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या. त्यानं दोन दाणे तोंडात टाकले आणि पाळण्याकडे बघून विचारलं, "कोणाचं बारसं होतं?"

"गावाचं, बा."

त्याला हसू येईल असं मला वाटलं. आलं नाही. तो पाळण्याशी गेला, वाकून आतल्या झेंड्याकडे बघितलं. "नवं नाव ठेवलं?"

"नाही. जुनंच."

त्यानं मान हलवली. मग खांद्यावरची पिशवी उतरवली. पोरीसाठी वरून बोरं आणली होती. बाळाला रिकाम्या हातानं बघू नये. त्यानं ओंजळभर बोरं काढली आणि पाळण्यात, झेंड्याच्या उशाशी ठेवली.